हृदयाचे आठ ग्रॅम

१

मंगळवारी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान आमच्या रुग्णालयातून एका माणसाच्या हृदयाचे आठ ग्रॅम चोरीला गेले.

शस्त्रक्रियागृहातल्या सामानाची ने-आण करणारी सैरा चारच्या ठोक्याला तपासणीच्या बाटल्या न्यायला आली. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या खिडकीच्या फळीवर सहा बाटल्या असायला हव्या होत्या, होत्या पाच. एलामानची बाटली नव्हती. फुटलेली काच नाही, सांडलेला थेंब नाही, काही नाही. सैराने आधी तिथेच बसून रडून घेतले आणि मग मला बोलावले. शस्त्रक्रिया केली होती कादिरने, पण त्याला सांगायची तिची छाती झाली नाही.

मी झूरा, सगळ्यांची एझे, म्हणजे ताई. बिश्केकच्या या रुग्णालयात तीस वर्षे लोकांच्या हृदयांचे इको करते आहे. डाव्या कुशीवर व्हा, श्वास रोखा, सोडा. माझा जन्म या तीन वाक्यांत गेला. जिभेला हाड नाही असे माझ्याबद्दल लोक म्हणतात, आणि लोक नेहमीच खोटे बोलतात असे नाही.

एलामान एकोणीस वर्षांचा, नारिनकडच्या डोंगरातला, अत-बाशीचा. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याने हात लावण्याआधीच तो कोसळला. इको केला तर हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत अडीचपट जाड. रक्त बाहेर पडायच्या दारातच मांस फुगून बसलेले, आणि हृदय जितके जोरात आवळायचे तितके ते दार अधिकच बंद व्हायचे. गोळ्यांनी काही फरक पडला नाही. मग उरते एकच, छाती उघडायची, महाधमनीतून आत शिरायचे आणि झडपेच्या खालून ते जादा मांस पट्टीपट्टीने कापून काढायचे. कमी कापले तर दुखणे तसेच राहते, जास्त कापले तर भिंतीला भोक पडते. कादिर हे काम अंगठ्याएवढ्या वाटेतून करतो. मी शेजारी उभी राहून अन्ननलिकेत सोडलेल्या इकोवर पाहत असते. कापण्याआधी अडथळ्याचा दाब शहाण्णव होता, कापल्यावर नऊ. कादिर म्हणाला, "एझे, पुन्हा मोजा." मी पुन्हा मोजला. नऊच होता.

कादिरला एक खोड आहे. कापलेले मांस तो स्टीलच्या वाटीत घालून बाहेर नेतो आणि नातेवाइकांना दाखवतो. नुसत्या शब्दांवर आमच्याकडे कोणाचा विश्वास बसत नाही, आणि यात लोकांची चूक नाही. बाहेर उंच कल्पाक, म्हणजे नमद्याची टोपी, घातलेले एलामानचे वडील दोरोनबेक, आई कालिपा आणि थोरली बहीण नारिस्ते असे तिघे उभे होते. कादिरने वाटी पुढे करून सांगितले की यातले अर्धे सूक्ष्मदर्शकाखाली जाईल, अर्धे आनुवंशिक तपासणीसाठी बाहेरदेशी जाईल. उद्या आईवडिलांचे रक्त घेऊ, दोन्ही जुळवून पाहू, म्हणजे रोग कोणाकडून आला ते कळेल. मग दुपारी एकच्या सुमारास त्याने मांस ते नासू न देणाऱ्या औषधाच्या बाटलीत टाकले आणि बाटली फळीवर ठेवली.

आता रोग कोणाकडून आला याची मला एवढी काळजी का होती ते सांगते. हा रोग बहुधा आईकडून नाहीतर बापाकडून येतो, आणि रोगी माणसाच्या प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी असते. एलामानच्या आईवडिलांची हृदये मी स्वतः तपासली होती, दोन्ही निरोगी. तेव्हा एकतर रोग पोरापासूनच सुरू झाला होता, किंवा दोघांपैकी एकात दडून बसला होता. दडलेला असला तर नारिस्तेलाही धोका, आणि तिच्या मुलीलाही. नारिस्ते शाळेत शिकवायची. तिला मी दोनदा म्हटले, ये, पाच मिनिटांचे काम आहे. दोन्ही वेळा तिने हसून टाळले, आईवडिलांचे हृदय तुम्हीच चांगले म्हणालात ना, म्हणाली. आणि तिची आठ वर्षांची अदिनाय शुक्रवारी सकाळी शाळेच्या शर्यतीत धावणार होती. नारिस्तेनेच मला कौतुकाने सांगितले होते. एलामानही मैदानात पडेपर्यंत धडधाकटच होता.

२

कादिर रागाने लाल झाला नाही, पांढरा झाला. ज्याचे मांस हरवले त्याला उगाच कापले, असे म्हणायला रुग्णालयात दोन-चार जण टपलेलेच होते. त्याने मला बाजूला घेतले.

"एझे, पोलीस नकोत. तुम्ही बघा. तुमच्याशी लोक बोलतात."

"बोलत नाहीत रे, मी बोलते, ते ऐकून कंटाळतात आणि खरं सांगून सुटतात."

तो शस्त्रक्रियागृहाकडे वळला.

मी कामाला लागले. आमच्याकडे वर येणाऱ्या प्रत्येकाला कोट खाली ठेवावा लागतो, बुटांवर पिशव्या चढवाव्या लागतात आणि अंगात पातळ झगा घालावा लागतो. झग्याला खिसे नसतात. शिवाय हिवाळ्यात चादरी चोरीला गेल्यापासून दरवान प्रत्येक पिशवी उघडून बघतो. म्हणजे बाटली मुठीएवढी असली तरी ती लपवायला चोराकडे जागाच नव्हती.

तीन ते चारमध्ये त्या मजल्यावरून फक्त तिघे खाली उतरले होते. दरवानाने बोटांवर मोजत सांगितले की कालिपाच्या फडक्यात सहा बोरसोक होते, त्यातला एक तिने त्यालाच दिला, तळलेला आणि अजून मऊ. नारिस्तेच्या पर्समध्ये खडू आणि मुलांच्या वह्या होत्या. म्हातारा दोरोनबेक रिकाम्या हातांनी गेला.

"रिकाम्या हातांनी गेला आणि ताठ मानेने गेला," दरवान म्हणाला. "मी छातीवर हात ठेवून सलाम केला, तर याने मानसुद्धा हलवली नाही. जसा काही मी खांबच. तुमचे नारिनचे लोक असेच, एझे, डोंगरावरून खाली उतरले तरी मान उतरत नाही."

मीही नारिनची. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याची मी चांगलीच हजेरी घेतली असती. त्या दिवशी गिळले आणि पुढे निघाले. सैरा आणि मी कचऱ्याचे डबे, कपाटे, स्नानघरे, सगळे पालथे घातले. माझ्या पांढऱ्या झग्याची पार रया गेली.

पाच वाजता कालिपा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरचा रुमाल तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"डॉक्टरीणबाई, कोणाला धरू नका," ती म्हणाली. "बाटली मी घेतली."

३

मी तिला बसवले आणि चहा ओतला. कालिपा एकसष्ट वर्षांची, थंडीने उललेले गाल, मेंढ्यांमागे फिरून वाकलेली पाठ. तिच्या बोलण्यात काही खोट दिसत नव्हती. माणसाच्या अंगाचा तुकडा उघड्यावर टाकू नये, मातीत द्यावा, असे तिच्या आईने तिला शिकवले होते. लेकराच्या काळजाचे मांस परक्या देशात जाणार, तिथे ते कोणत्या केराच्या टोपलीत पडणार कोण जाणे. म्हणून तिने ते फडक्यात बांधून नेले आणि मागच्या अंगणात चिनाराखाली पुरले.

आमच्याकडे ही रीत आहे. नखे, केस, बाळाची नाळ, सगळे मातीला देतात. माझ्या आईनेही तेच केले असते, कादिरच्या आईनेही. तसे असेल तर रागवायचे तरी कोणावर?

मी सहज विचारले, "बाटलीतून काढलंत तेव्हा कसं दिसत होतं?"

"लालभडक," ती म्हणाली. "आत्ताच कापलेल्या मेंढीसारखं."

मी तिला दुसरा कप ओतला, साखर पुढे सरकवली आणि विचारले नाही की दरवानाला फडक्यात नुसते बोरसोक कसे सापडले. विचारायची गरज उरली नव्हती. तिने बाटली घेतली नव्हती. ती उघडलीही नव्हती.

४

औषधात पडलेले मांस लाल राहत नाही. दोन तासांत ते उकडलेल्या मांसासारखे करडे होते, हे शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. कालिपाने ते कादिरच्या वाटीत पाहिले होते, तेव्हा ते लाल होते, तेवढेच तिच्या डोळ्यांत राहिले. म्हणजे ती कोणाला तरी पाठीशी घालत होती. आणि आई पाठीशी घालते ती कोणाला, हे सांगायला काही शहाणपण लागत नाही.

बुधवारी मी नारिस्तेची वाट पाहत जिन्यापाशी थांबले. छत्तीस वर्षांची, नीटनेटकी, चांगला स्कर्ट, केस आवळून बांधलेले. तीन मजले चढायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी खाली जाऊन वर आले असते. प्रत्येक वळणावर ती थांबायची आणि पर्समध्ये काहीतरी शोधायची. वर आल्यावर समोर चार खुर्च्या रिकाम्या होत्या. ती खुर्चीत बसली नाही. भिंतीला पाठ टेकून, स्कर्ट गुडघ्यांत दाबून, ती उकिडवी बसली.

मी जवळ जाऊन म्हटले, "बाई, शिक्षकांचा संप आहे का खुर्च्यांवर?"

ती हसली. असं बसलं की बरं वाटतं, लहानपणापासूनची सवय आहे, म्हणाली. मग मला मान द्यायला चटकन उठली आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिने भिंत धरली. मी तिचे मनगट धरले. नाडी बोटांखाली उसळून एकदम मागे सरत होती. मी तिसऱ्यांदा म्हटले, चल, आत्ता इको करू. तिने हात सोडवून घेतला. बाटलीबद्दल विचारले तर म्हणाली, आईने घेतली ना, मग विषय संपला. पण ते म्हणताना तिने दालनाच्या टोकाला उभ्या असलेल्या आईकडे असे पाहिले की मला दोघींचा गुंता कळला. आईला वाटत होते लेकीने घेतली, आणि लेकीला वाटत होते आईने.

तिसरा उरला दोरोनबेक. तो अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी उभा होता. आत एलामान टेकून बसला होता, छातीवर उशी धरून खोकत होता, आणि खोकताना म्हाताऱ्याला हाताने खुणावत होता की ठीक आहे, ठीक आहे. म्हातारा त्याच्याकडे डोळ्यांची पापणी न लववता बघत होता. डोक्यावर जावयाची काळी विणलेली टोपी होती, पोरासोरांची असते तसली.

"अक्साकाल, तुमचा कल्पाक कुठं आहे?" मी विचारले. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही अक्साकाल म्हणतो.

"धुतला. वाळत घातलाय," तो म्हणाला.

सकाळी मुलाची भेट घ्यायची म्हणून धुतला असेल, असे दुसऱ्या कोणी म्हटले असते. मी पुढचे विचारले, आज रक्त द्यायचे आहे ना? त्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मांसच नाही राहिलं. आता आमचं रक्त घेऊन काय जुळवणार?"

त्याच्या आवाजात सुटल्याचा सुस्कारा होता. ज्याच्या पोराची छाती काल उघडली होती, त्या बापाला रोग कुठून आला हे न कळण्याने हायसे वाटत होते.

गुरुवारी सकाळी एका बाईचा इको करता करता माझा हात थांबला. चोरी कोणी केली, कशी केली, ते कळले. का केली ते कळायला आणखी अर्धे मिनिट लागले, आणि कळले तेव्हा मला त्या बाईची क्षमा मागून बाहेर जावे लागले. उद्या शुक्रवार होता.

५

नारिस्तेचे घर चौथ्या मजल्यावर. दुपारचे चार वाजले होते. तिचा नवरा समतबेक नानच्या भट्टीवर कामाला गेला होता, अदिनाय शर्यतीचा सराव करायला शाळेत थांबली होती. नारिस्ते आणि तिचे आईवडील, तिघे चहाला बसले होते. मला पाहून कालिपाने नान मोडून पुढे ठेवला, आणि मी एक घास खाल्ला, कारण नान नाकारून कोणाच्या घरी वाईट बोलू नये.

मग मी गॅलरीत गेले. दोरीवर कल्पाक टांगलेला होता, पांढऱ्या नमद्याचा, उंच. मी तो नाकाशी नेला. तीन वेळा धुतला असेल, तरी औषधाचा वास गेला नव्हता. तो वास मी झोपेतही ओळखीन. खालच्या फळीवर हिवाळ्यासाठी घातलेल्या काकड्या-टोमॅटोच्या मोठ्या बरण्यांची रांग होती. त्यांच्या मागे एक छोटी बाटली उभी होती, एलामानच्या नावाची चिठ्ठी अजून तशीच. मी ती आणून मेजावर ठेवली.

कालिपा आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच माहीत नव्हते.

मी सांगायला सुरुवात केली. कोट खाली, झग्याला खिसे नाहीत, पिशव्या उघडून पाहिलेल्या. मग बाटली जाणार कुठून? आमच्या दरवानाच्या सलामाला एका अक्साकालने मान झुकवली नाही. नारिनचा म्हातारा आणि सलामाला उत्तर नाही? उपाशी राहील, पण सलाम चुकवणार नाही. मान झुकवली असती तर कल्पाकातली बाटली पडली असती. पण झाकण नीट बसले नव्हते आणि नमद्याने औषध पिऊन घेतले. जो माणूस कल्पाक घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, तो दुसऱ्या दिवशी जावयाची टोपी घालून मुलाला भेटायला आला.

दोरोनबेकने नाकारले नाही. त्याने दोन्ही हात मेजावर ठेवले.

"पुरायला निघालो होतो," तो म्हणाला. "शहराच्या मातीत पुरवेना. घरी न्यायचं ठरवलं."

"अक्साकाल, पुरण्यासाठी तुम्ही घेतलं नाही. रक्त जुळवू नये म्हणून घेतलं."

आता कोणीच नान खात नव्हते. मी पुढे बोलले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करण्याचा धीर मला झाला नसता. आईबापांना रक्त जुळवायची भीती केव्हा वाटते? ते आईबाप नसतात तेव्हा. आमच्याकडे आजा-आजी मुलाचे पहिले लेकरू आपले म्हणून वाढवतात, त्यात लपवण्यासारखे काही नाही, सगळा गाव जाणतो. हे लपवले, कारण लेकरू मुलाचे नव्हते, मुलीचे होते, आणि मुलगी सतरा वर्षांची होती, बिनलग्नाची. कालिपा तेव्हा बेचाळीस वर्षांची. बेचाळिसाव्या वर्षी लेकरू झालेली बाई तपासणीत मला चार वेळा ते ऐकवते. कालिपाने एकदाही ऐकवले नाही.

नारिस्ते खाली बसली होती, पुन्हा तशीच उकिडवी, मेजाच्या पायाला धरून.

"एकोणीस वर्षं," दोरोनबेक म्हणाला. "मी हिला शब्द दिला होता. तुझं नाव कोणाच्या तोंडी येऊ देणार नाही म्हणालो. जावयाला माहीत नाही. पोराला माहीत नाही. आणि एक बाटली सगळं बोलणार होती."

"ती काही बोलली नसती," मी म्हणाले, आणि मला कादिरचा, त्याच्या वाटीचा आणि आम्हा सगळ्या डॉक्टरांच्या बडबडीचा मनापासून राग आला. "तिच्यात रोगाची खूण तेवढी बघतात, नातं नाही. आणि बाटली गेली तरी तपासायला पोराचं रक्त आहेच की आमच्याकडे. तुम्ही उगाच चोर झालात, बाबा."

त्याने मान खाली घातली. पण मी त्याच्यासाठी आले नव्हते. मी नारिस्तेसमोर जमिनीवर बसले. माझे गुडघे कुरकुरले.

"असं बसलं की बरं का वाटतं, सांगू? पायातलं रक्त हृदयाकडे चढतं, हृदय भरतं आणि दारातलं मांस थोडं बाजूला होतं. एलामानपण मैदानाबाहेर असाच बसायचा, त्याच्या प्रशिक्षकाने सांगितलं मला. रोग पोरापासून सुरू झाला नाही, बाई. तुझ्यापासून झाला. तुझ्या आईवडिलांची हृदयं चांगली आहेत, म्हणून मी निवांत राहिले. आजा-आजीची हृदयं तपासून मी आईला निरोगी ठरवून बसले."

तिने विचारले, "म्हणजे अदिनाय?"

"निम्मी शक्यता. उद्या ती धावणार आहे ना?"

तिने तोंडावर हात दाबला. मी तिला सांगितले ते सांगायला सोपे होते आणि रोगापुरते खरेही होते. एलामानला भाऊ म्हणू द्या, कोणी विचारणार नाही. भावाला आहे, बहिणीला आहे, बहिणीच्या मुलीचे बघायला हवे, एवढेच मी लिहीन. गुपित तुमचे, मला त्याचे काय करायचे? फक्त पोरीला उद्या धावू देऊ नकोस, माझ्याकडे आण.

निघताना मी बाटली कोटाच्या खिशात घातली. दोरोनबेक दारापर्यंत आला, आणि मी वयाने लहान असूनही त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

६

शुक्रवारी नऊ वाजता ते आले. समतबेकही आला होता, बाह्यांवर पीठ तसेच. बायकोने त्याला एवढेच सांगितले होते की भावाचा रोग बहिणीतही असू शकतो. अदिनाय रुसली होती. शर्यत बुडाली म्हणून तिने माझ्याशी बोलायला नकार दिला, मी दिलेली लिमलेटची गोळीसुद्धा बापाच्या हातात देऊन टाकली.

आधी नारिस्ते. निजल्यावर अडथळा चाळीस, उकिडवी बसवून एकदम उभी केली तर अठ्ठ्याऐंशी. तिचीही भिंत जाड होती, तिलाही कादिरच्या हाताखालून जावे लागणार होते. हे मी तिला सांगितले आणि ती हो म्हणाली, जणू बाजारातून काहीतरी आणायला सांगितले आहे.

मग अदिनाय. आठ वर्षांच्या पोरीची भिंत सहा मिलिमीटरच्या आसपास असावी. मी तीन वेळा मोजली. नऊ. अडथळा नव्हता, अजून काहीही नव्हते, पण भिंत जाड व्हायला लागली होती. मी पडद्यावरून नजर काढली तेव्हा नारिस्ते माझ्याकडेच बघत होती, तिला पडदा वाचता येत नव्हता तरी तिने माझा चेहरा वाचला. मी त्यांना समजावले की लवकर कळले, हे चांगले आहे, दर सहा महिन्यांनी बघू, गोळी लागेल तेव्हा देऊ, शर्यती मात्र नाहीत. समतबेकने दोनदा विचारले, "पण जगेल ना?" मी म्हणाले, जगेल, आता आम्हाला ठाऊक आहे ना. तो त्या स्टुलावर बसून रडला, हुंदके न देता, पिठाळ बाहीने तोंड पुसत.

मी कागद ओढला. घराण्याचा नकाशा काढावा लागतो, बाईला गोल, पुरुषाला चौकोन, रोगी असेल तर आत काळे. वर दोरोनबेक आणि कालिपा. खाली एक रेष, त्यावर काळा गोल, नारिस्ते. तिच्या शेजारी, भाऊ म्हणून, काळा चौकोन, एलामान. तिच्या खाली अदिनाय. मी शब्द दिला होता, तसाच नकाशा काढला, आणि सही करायला वाकले.

नारिस्तेने चौकोनावर बोट ठेवले.

"एझे, हा इथं नको," ती म्हणाली. "हा माझ्या शेजारी नाही. माझ्या खाली आहे. अदिनायच्या आधी."

अदिनाय बटणे लावत होती. समतबेकने कागदाकडे पाहिले. त्याला गोल-चौकोन कळत नसतील असे मला एक क्षण वाटले, मग त्याचा चेहरा पाहिला आणि कळले की कळतात.

"त्याला माहीत आहे?" त्याने विचारले.

"नाही."

"मग आधी त्याला सांगायचं होतं," तो म्हणाला. "माझं काय, मी नंतरही ऐकलं असतं."

त्याने अदिनायचे राहिलेले शेवटचे बटण लावले, तिचा हात धरला आणि बाहेर गेला. नारिस्ते दाराकडे पाहायला तयार नव्हती. मी पाहिले. तो जिन्याकडे गेला नव्हता. अतिदक्षता विभागासमोरच्या बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसला होता, आणि शेजारची जागा त्याने रिकामी ठेवली होती.

मी चौकोन खोडला आणि खाली, अदिनायच्या डावीकडे, नवा काढला.